जकात, मांडवी आणि बारदेशचे मीठ

इ.स. १६७१ च्या डिसेंबर महिन्यात शिवाजी महाराजांकडून कुडाळ प्रांताचे सुभेदार नरहरी आनंदराव ह्यांस एक पत्र गेले. पत्राचा विषय मीठ हा होता. पोर्तुगिजांच्या ताब्यातील बारदेशात मीठ स्वस्त विकते, संगमेश्वराकडे तेच मीठ महाग पडते. तेव्हा बारदेशच्या मिठावर इतकी जबर जकात बसवावी की, ते कुडाळास येईपर्यंत त्याची किंमत संगमेश्वरी मिठाच्या बरोबरीला जावी, असा त्या पत्राचा आशय आहे. असे न केल्यास सारा उदमी वर्ग बारदेशाकडे वळेल व राज्यातील बंदरे बसतील, असे कारणही त्यात दिले आहे.

मराठ्यांच्या अर्थनीतीविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी ह्या पत्राचा उल्लेख केला आहे आणि बहुतेकांनी त्याला ‘संरक्षक जकातीचे धोरण’ असे नाव दिले आहे. हे नाव चुकीचे नाही; परंतु ते घाईने दिलेले आहे. ‘संरक्षक जकात’ हा शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वादांतून मराठीत आला. त्या वादांत एका बाजूस मँचेस्टरचे कापड होते व दुसऱ्या बाजूस मुंबईच्या गिरण्या. त्या चौकटीत सतराव्या शतकातील पत्र बसवले, म्हणजे पत्रातील ‘जकात’ ह्या शब्दाला आजच्या ‘सीमाशुल्क’ ह्या शब्दाचा अर्थ आपोआप चिकटतो. वस्तुतः १६७१ साली त्या शब्दाचा अर्थ तेवढाच नव्हता. पश्चिम किनाऱ्यावर परमुलखातून येणाऱ्या मालावरील कराला निरनिराळ्या काळी निरनिराळी नावे होती, आणि प्रत्येक नावामागे कर कशावर, कोठे व का घ्यावयाचा ह्याची वेगळी कल्पना होती. ती नावे प्रथम तपासल्याखेरीज कुडाळच्या पत्रातील नवेपणा नेमका कशात आहे हे कळणे कठीण आहे.

सर्वांत जुना शब्द ‘शुल्क’. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘मोल’ असा दिसतो. कन्याशुल्क ह्या शब्दात तोच अर्थ आहे. पाणिनीने वृद्धी, आय, लाभ व उपदा ह्या शब्दांच्या पंक्तीस शुल्काचा उल्लेख केला आहे (५.१.४७), आणि आयस्थानांविषयीच्या सूत्रावर (४.३.७५) काशिकाकारांनी ‘शौल्कशालिक’ म्हणजे शुल्कशाळेतून आलेले, हे उदाहरण दिले आहे. व्याकरणकाराला सहज सुचावे इतके ते स्थान परिचयाचे झालेले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाचे दोन अध्याय आहेत, आणि त्यांत ह्या कराचे यंत्र विस्ताराने उलगडलेले दिसते. नगराच्या महाद्वाराशी शुल्कशाळा व ध्वज असावा; चार-पाच लेखकांनी येणाऱ्या सार्थाची नोंद करावी: कोण, कोठून आले, माल किती, आणि पहिली अभिज्ञानमुद्रा कोठे उमटवली. मुद्रा नसेल तर दुप्पट शुल्क. मुद्रा खोटी निघाली तर आठपट दंड. बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्यतः किमतीचा पाचवा भाग, फळे-भाज्यांसारख्या नाशवंत वस्तूंवर सहावा.

ह्यात विशेष लक्ष देण्याजोगी गोष्ट ही की, कौटिल्याची सारी दक्षता किमतीवर केंद्रित झालेली आहे. व्यापाऱ्याने ध्वजाखाली उभे राहून मालाचे परिमाण व किंमत तीनदा पुकारावयाची. चढाओढीने किंमत वाढली तर वाढलेली रक्कम शुल्कासह राजाच्या कोशात जावयाची. शुल्काच्या भयाने परिमाण किंवा मोल कमी सांगितले, तर अधिक निघेल ते जप्त किंवा आठपट शुल्क. आज परदेशातून माल मागवणारा आयातदार बीजकावर किंमत कमी दाखवतो व सीमाशुल्क अधिकारी ती मान्य करीत नाहीत, हा जो नित्याचा तंटा आहे, त्याचे मूळ रूप हेच. जो कर मोलाच्या प्रमाणात आकारला जातो, त्याच्या पाठोपाठ खोटे मोल सांगणे हे येतेच.

प्राकृतात ‘शुल्क’चे ‘सुंक’ झाले व ते रूप कन्नड-तेलुगूत पक्के रुजले. कर्नाटकातील मध्ययुगीन शिलालेखांत ‘पेर्जुंक’, ‘वड्डरावुळ’ इत्यादी सुंकांची व ती वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे वारंवार येतात. मराठीत मात्र सुंक टिकले नाही. मराठीने जे जपले ते करापेक्षा कराच्या जागेचे नाव. संस्कृत ताम्रपटांतील ‘मंडपिका’ किंवा ‘शुल्कमंडपिका’ म्हणजे मांडव घालून बसवलेले वसुलीचे ठाणे. त्याचेच मराठी रूप ‘मांडवी’. मुंबईतील मांडवी, रत्नागिरीची मांडवी, कच्छातील मांडवी बंदर ही सारी नावे त्याच कुळातील होत. पणजीपाशी समुद्रास मिळणाऱ्या नदीचे मांडवी हे नावही बहुधा तिच्या काठच्या ठाण्यावरूनच पडले असावे. पोर्तुगीज वसईस व गोव्यास आले तेव्हा त्यांनी आपला ‘अल्फांदेगा’ हा शब्द बरोबर आणलाच होता. तरी देशी ठाण्यांसाठी त्यांनी ‘मांदोव्हीं’ हा शब्द उचलला व तो त्यांच्या दप्तरांत रूढ झाला. बारदेशातील आसगावी जन्मलेले कोशकार मोन्सिन्योर दालगादो ह्यांनी पोर्तुगिजांत शिरलेल्या आशियाई शब्दांचा जो मोठा संग्रह १९१९ ते १९२१ ह्या काळात प्रसिद्ध केला, त्यात हा शब्द आहे. जेत्याने जिताचा करविषयक शब्द घ्यावा हे थोडे अनपेक्षित वाटते. परंतु वसुली करणारी माणसे जुनीच राहिली असतील, तर त्यांच्या तोंडचे शब्दही जुनेच राहणार.

मंडपिकेच्या काळातील दोन ताम्रपट ह्या विवेचनास विशेष उपयोगी आहेत, आणि दोन्ही आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खारेपाटणास सापडलेले आहेत. पहिला शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा, दक्षिण कोकणच्या शिलाहार रट्टराजाचा. अव्वेश्वराच्या देवालयास दिलेल्या दानात ह्या राजाने गावांबरोबर बंदराचे उत्पन्नही दिले आहे: द्वीपांतरातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोने, आणि कंदलमूलीय येथून येणाऱ्या जहाजामागे एक धरण सोने, मात्र चेमूल्य व चंद्रपूर ह्यांचा अपवाद. चेमूल्य म्हणजे चौल, चंद्रपूर म्हणजे गोव्यातील चांदर. दुसरा शके १०१६ चा, म्हणजे इ.स. १०९४-९५ चा, उत्तर कोकणच्या अनंतदेवाचा. त्यात भाभणश्रेष्ठी व त्याचा बंधू धणामश्रेष्ठी ह्या दोघा अमात्यांचा जो माल स्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुली इत्यादी बंदरांत येईल त्यावरील शुल्क माफ केले आहे.

दोन्ही लेखांत माल गौण आहे. रट्टराजाच्या लेखात जहाजात मिरी आहे की घोडे, ह्याची चौकशी नाही. जहाज कोठून आले एवढेच पाहिले जाते व तेवढ्यावर रक्कम ठरते. अनंतदेवाच्या लेखात माल कोणाचा हे पाहिले जाते. पहिल्या लेखातील द्वीपांतराचे जहाज व किनाऱ्यावरील जहाज हा भेद महत्त्वाचा आहे. परदेशी व देशी आवकीवर वेगळा कर ही कल्पना कुडाळच्याच परिसरात १६७१ च्या साडेसहाशे वर्षे आधी नांदत होती, हे त्यावरून दिसते. तिचा हेतू मात्र देवाच्या पूजेला उत्पन्न मिळवून देण्यापलीकडे नव्हता.

‘जकात’ हा शब्द मुसलमानी राजवटींबरोबर आला. अरबीत ‘झकात’ म्हणजे धर्माने विहित केलेले दान. व्यापारी मालावर त्याचे प्रमाण चाळीसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच. हा दानवाचक शब्द सीमेवरील कराचे नाव कसा झाला, ह्याचे उत्तर इस्लामी धर्मशास्त्राच्या ग्रंथांत मिळते. खलिफा उमर ह्यांच्या नावावर सांगितली जाणारी व्यवस्था अशी की, वाटेवर बसलेल्या वसुलीदाराने मुसलमान व्यापाऱ्याकडून अडीच, राज्यातील अन्यधर्मीयाकडून पाच आणि परमुलखातील व्यापाऱ्याकडून दहा टक्के घ्यावे. ह्यांपैकी फक्त पहिली वसुली खरोखरीची झकात होती. पण वसूल करणारा एक, जागा एक, वही एक. तेव्हा नावही एकच पडले. भारतात ते सर्वांच्याच कराला लागू झाले आणि धर्माचा अर्थ गळून गेला. मराठी शेतकऱ्याच्या व वाण्याच्या बोलण्यात जकातीला पुण्याचा वास कधीच नव्हता.

दिल्लीच्या दरबारात मात्र तो जुना अर्थ अधूनमधून जागा होई. औरंगजेबाने १६६५ साली मुसलमान व्यापाऱ्यांना अडीच व हिंदूंना पाच टक्के असे दर ठरवले, आणि १६६७ साली मुसलमानांचा कर पूर्णपणे उठवला. परिणाम व्हावयाचा तोच झाला: हिंदू व्यापाऱ्यांचा माल मुसलमानांच्या नावावर जाऊ लागला, आणि पुढे काही वर्षांनी माफी मागे घ्यावी लागली. सुरतेच्या इंग्रजांचा दर १६८० च्या सुमारास साडेतीन टक्क्यांवर गेला. त्यातील दीड टक्का जिझियापोटी होता. मालाचा मालक कोण ह्यावर कर ठरला की, मालक बदलण्याचे कागद तयार होतात. मोलावर ठरला की, मोलाचे. आणि माल कोठून आला ह्यावर ठरला की, मूळ ठिकाण लपवले जाते. आजच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात मूळ देशाच्या प्रमाणपत्राभोवती जे तंटे चालतात, त्यांची जात ही तिसरी.

शिवाजी महाराजांच्या राज्यातही परदेशी व्यापाऱ्यांसाठी अडीच टक्के हाच दर दिसतो. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झेंडेन ह्याच्याशी जून १६७४ मध्ये जो तह झाला, त्यात इंग्रजांनी आयात मालावर शेकडा अडीच द्यावे असे कलम आहे. चाळीसाव्या हिश्शाचा अर्थ येथे कोणाला ठाऊक असो वा नसो, किनाऱ्यावर तो आकडा रूढ झालेला होता आणि इंग्रज तो विनातक्रार मान्य करतील हे उघड होते. ह्या तहानंतर लवकरच सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. व्यवहारात मात्र जकात जकातच राहिली.

मराठी राज्यातील जकातीचे स्वरूप कोणते होते? येथे आजच्या वाचकाची पहिली चूक होते. ही जकात राज्याच्या सीमेवर एकदा घेऊन संपणारी नव्हती. माल जेथे खरेदी होऊन भरला जाई तेथे ‘थळभरीत’, जेथे तो फोडून विकला जाई तेथे ‘थळमोड’, शिवाय छाप्याचा कर. आणि मधल्या वाटेवर, घाटाच्या माथ्यावर व पायथ्याशी, नदीच्या उतारावर, निरनिराळ्या वतनदारांचे व ठाण्यांचे हक्क. थळमोड ह्या शब्दातील ‘मोड’ मोठा बोलका आहे: गोणी मोडली, म्हणजे उघडून माल सुटा केला, की कर लागू. माल न मोडता पुढे गेला तर हा कर त्या गावचा नाही. आधुनिक बंदरात माल जहाजावरून दुसऱ्या जहाजावर चढवून पुढे पाठवला तर त्यावर आयात शुल्क पडत नाही, ह्या नियमाचे तत्त्व ‘मोड’ ह्या दोन अक्षरांत आलेले आहे. इतक्या ठाण्यांचा हिशेब एकेकट्या व्यापाऱ्याला झेपणारा नव्हता. म्हणून ‘हुंडेकरी’ हा मध्यस्थ उभा राहिला. तो ठरावीक रकमेवर संपूर्ण वाटेची जकात आपल्या अंगावर घेई, नाक्यानाक्यावर आपल्या ओळखीने व हिशेबाने ती चुकवी, म्हणजे भरी. (‘चुकवणे’ ह्या क्रियापदाला मराठीत ‘फेडणे’ आणि ‘टाळणे’ असे दोन्ही अर्थ आहेत, जकातीच्या बाबतीत हा योगायोग काही वेळा खराही ठरत असेल.) आजच्या कस्टम्स हाउसमधील दलाल हा ह्या हुंडेकऱ्याचा वारस होय.

तेव्हा १६७१ साली ‘जकात’ म्हणजे मुख्यतः वाटेचा कर. वाट वापरल्याबद्दल, बाजारात बसल्याबद्दल, राज्याच्या छायेत माल सुरक्षित पोहोचल्याबद्दल ती द्यावयाची. तिचा दर मालाच्या जातीप्रमाणे व गोणीप्रमाणे ठरे. ह्या पार्श्वभूमीवर कुडाळच्या पत्राकडे पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण स्पष्ट होते. त्यात शब्द जुनाच आहे. दर ठरवण्याची रीत मात्र नवी आहे. कर किती घ्यावा हे वाटेच्या लांबीवरून ठरत नाही, गोणीवरून नाही, रूढ टक्केवारीवरूनही नाही. दोन बाजारांतील भाव घ्यावेत, त्यांतील फरक काढावा, आणि तो फरक भरून निघेल इतकी जकात परक्या मालावर बसवावी. दर हा येथे उत्पन्नाचे साधन राहत नाही. तो तराजूत टाकावयाचे पारडेसमाचे वजन होतो. जकात पुरेशी जबर बसली तर बारदेशचे मीठ येणेच थांबेल व त्यापासून मिळणारे उत्पन्न शून्य होईल, हे लिहिणाऱ्यास ठाऊक असलेच पाहिजे. उत्पन्न सोडून देण्यासाठी कर बसवणे ही कल्पना शिलाहारांच्या ताम्रपटांत नाही व औरंगजेबाच्या फर्मानांतही नाही.

पण संरक्षण कोणाचे? गिरणीच्या उदाहरणाची सवय असलेला वाचक चटकन म्हणेल की, मिठागरांत राबणाऱ्या देशी उत्पादकाचे. पत्रात भीती व्यक्त झाली आहे ती मात्र बंदरांविषयी आणि उदमी वर्गाविषयी. त्याचे कारण मिठाच्या व्यापारात आहे. मीठ हा जड, स्वस्त व घाटावर कोठेही न पिकणारा माल. लमाणांचे व वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे देशावरून धान्य घेऊन कोकणात उतरत आणि परतीच्या वाटेवर मीठ घेऊन चढत. रिकामे बैल वर नेणे म्हणजे निम्म्या वाटेचे भाडे बुडणे. म्हणून तांडा कोणत्या घाटाने उतरणार हे मीठ कोठे स्वस्त मिळते ह्यावर ठरे. तांडा बारदेशाकडे वळला की त्याच्याबरोबर देशावरचे धान्यही बारदेशास गेले. आणि ज्या बंदरात धान्य येते तेथेच नारळ, सुपारी, सुकी मासळी, समुद्रमार्गे आलेले कापड व खजूर ह्यांची देवघेव होते. पोर्तुगिजांकडे बारदेश व साष्टी हे महाल १५४३ सालापासून होते. तेथील खाड्यांच्या काठची मिठागरे विस्तृत होती आणि कुडाळपासून ती अगदी हाकेच्या अंतरावर होती. संगमेश्वर मात्र कितीतरी उत्तरेस. अंतराचा हा लाभ निसर्गाने व राजकीय सीमेने बारदेशास दिलेला होता. तो जकातीने काढून घ्यावा, एवढाच पत्राचा हेतू. तेव्हा जे राखावयाचे होते ते मिठागरापेक्षा मिठामागून येणारे सारे दळणवळण होते. ह्या अर्थाने ह्या धोरणास ‘संरक्षक’ म्हणण्यापेक्षा ‘आकर्षक’ म्हणणे अधिक योग्य, असा शब्द चमत्कारिक वाटला तरी.

दुसऱ्या एका बाजूचाही विचार केला पाहिजे. कुडाळच्या भाकरीबरोबर मीठ खाणाऱ्या माणसास हे धोरण कसे वाटले असेल? त्याला शेजारचे स्वस्त मीठ मिळेनासे झाले. पत्रातील तर्क राज्याचा आहे, आणि राज्याच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. परंतु कोणत्याही जबर जकातीचा भार अखेरीस जकात भरणाऱ्यावर न राहता विकत घेणाऱ्यावर उतरतो. इतिहासकारांनी ह्या पत्राची प्रशंसा करताना त्या गिऱ्हाइकाची आठवण क्वचितच ठेवली आहे.

पुढील दीड शतकात ह्या धोरणाचा सूत्रबद्ध विकास झाला नाही. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात सावकारांना राज्याची शोभा म्हटले आहे व टोपीकर व्यापाऱ्यांपासून सावध राहण्यास सांगितले आहे; म्हणजे आवकीचे महत्त्व व परक्याचे भय ही दोन्ही सूत्रे तेथे शाबूत आहेत. पेशवाईत जकातीची वसुली वाढली, मक्ते दिले गेले, आणि वाटेचा कर अधिकाधिक वाटेचाच होत गेला. इंग्रज आले तेव्हा त्यांना ह्या नाक्यांचे जाळे व्यापारास जाचक वाटले. मुंबई इलाख्यातील आतील जकाती १८३८ च्या सुमारास उठवण्यात आल्या. परंतु सरकारास बुडालेले उत्पन्न कोठून तरी हवेच होते. ते मिठावर टाकण्यात आले: १८३७ च्या कायद्याने दर मणी आठ आणे. १८४४ साली तो दर एक रुपया करताच सुरतेत दंगा झाला व सरकारला बारा आण्यांवर उतरावे लागले. वाटेवरचा दिसणारा कर गेला व मिठातला न दिसणारा आला. निदान सुरतेच्या लोकांना तो दिसला.

आणि मिठाबरोबर बारदेशही पुन्हा दप्तरात आले. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर आणि शेजारी गोव्यात स्वस्त मीठ, ही १६७१ चीच परिस्थिती होती. फक्त कुडाळच्या सुभेदाराच्या जागी मुंबईचे सरकार होते. सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २३०० मैल पसरलेली, काटेरी कुंपणाची जी आंतरिक जकात-रेषा मिठासाठी राखली जात असे, ती १८७९ साली बंद झाली. उत्पादनाच्या जागीच कर घ्यावयाचा असे ठरले. हे साधावयाचे तर मीठ पिकवणारी प्रत्येक जागा एकाच हाताखाली हवी, आणि गोवा त्या हाताबाहेर होता. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे ब्रिटन व पोर्तुगाल ह्यांच्यामध्ये तह झाला व तो जानेवारी १८८० पासून बारा वर्षांसाठी अमलात आला. दोन्ही मुलखांमधील सीमाशुल्काची भिंत पाडली गेली, मुरगाव बंदर व तेथून घाटावर जाणारी आगगाडी ह्यांचा मार्ग मोकळा झाला. मोबदल्यात गोव्यातील मिठाचे उत्पादन ब्रिटिश देखरेखीखाली गेले आणि पोर्तुगीज सरकारास वर्षाला चार लक्ष रुपये मिळू लागले.

शिवाजी महाराजांनी भावातील फरक जकात बसवून मिटवला होता. इंग्रजांनी तो जकात उठवून व मीठच ताब्यात घेऊन मिटवला. पहिल्या उपायाने कुडाळच्या गिऱ्हाइकास तोशीस पडली, दुसऱ्याने बारदेश-साष्टीच्या आगरकऱ्यांस. अनेक लहान मिठागरे बंद पडली, ब्रिटिश दराचा कर लागताच गोव्यातील मीठ गोव्यातच महाग झाले, आणि ज्यांच्या खाडीत ते पिकत होते त्यांनाच ते वाढीव दराने घ्यावे लागले. तहाविरुद्ध गोव्यात असंतोष वाढत गेला. मुदत संपली तेव्हा त्याचे नूतनीकरण झाले नाही. जानेवारी १८९२ मध्ये सीमेवर पुन्हा चौक्या बसल्या. ‘सीमाशुल्क-संघ’ ही विसाव्या शतकात युरोपात पुष्कळ गाजलेली कल्पना कोकणात बारा वर्षे प्रत्यक्ष नांदून गेली, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

ह्याच सुमारास इकडे मुंबईत जकातीवरून दुसरा वाद पेटला होता. कापडावरील आयात शुल्क १८८२ साली उठवले गेले, १८९४ साली पाच टक्क्यांनी परत आले, आणि लँकेशायरच्या दडपणामुळे १८९६ साली ते साडेतीन टक्क्यांवर आणून तितकाच कर देशी गिरण्यांच्या कापडावर बसवण्यात आला. कुडाळच्या पत्रात परक्या मालाला देशी मालाच्या बरोबरीस आणण्यासाठी कर होता; येथे देशी मालाला परक्याच्या बरोबरीस आणण्यासाठी. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने विदेशी कापडावरील बहिष्काराची पहिली मोठी हाक ह्याच वर्षी उठली. ‘संरक्षक जकात’ ह्या शब्दाला मराठीत जी धार आली ती ह्या वादातून, आणि १६७१ चे पत्र वाचताना इतिहासकारांच्या कानांत हीच धार होती. देशी कापडावरील तो कर १९२६ साली रद्द झाला.

आता शब्दांकडे परत येऊ जाता एक गोष्ट जाणवते. युरोपीय भाषांतील सीमाशुल्काचे शब्दही बहुतेक ह्याच अरबी-फारसी बाजारातून गेलेले आहेत. फ्रेंच ‘दुआन’ व इटालियन ‘दोगाना’ म्हणजे आपला ‘दिवाण’, म्हणजे मूळ अर्थी हिशेबाची वही व कचेरी. पोर्तुगीज ‘अल्फांदेगा’ अरबी ‘फुंदुक’पासून, म्हणजे व्यापाऱ्यांची उतरण्याची धर्मशाळा. ‘टॅरिफ’ व मराठी ‘तारीफ’ हे तर सख्खे भाऊ: अरबी ‘तअरीफ’ म्हणजे ओळख करून देणे, जाहीर करणे. भूमध्य समुद्राच्या बंदरांत ती दरांची जाहीर यादी झाली, दिल्ली-दौलताबादेत माणसाची ओळख व मग स्तुती झाली. इंग्रजी ‘कस्टम्स’ मात्र त्यांच्या घरचा शब्द: रिवाजाने द्यावयाची रक्कम. त्याची जोड मराठीत ‘दस्तुरी’ हीच. दस्तूर म्हणजे रिवाज, त्यावरून दस्तुरी. फरक इतकाच की, इंग्रजांच्या रिवाजाचे पैसे सरकारजमा झाले आणि आपल्या रिवाजाचे दलालाच्या खिशात राहिले.

स्वातंत्र्यानंतर राज्यकारभाराची परिभाषा घडवताना ‘जकात’ हा शब्द आयात-निर्यातीच्या करासाठी घेतला गेला नाही. १९६२ चा कायदा मराठीत ‘सीमाशुल्क अधिनियम’ झाला. कौटिल्याचे शुल्क परत आले. त्याला ‘सीमा’ हे पद जोडावे लागले, कारण तोवर शुल्क शाळेच्या फीला लागले होते. जकात हा शब्द नगरपालिकांच्या वाट्यास गेला. हे वाटप अनपेक्षितपणे न्याय्य ठरले: नगराच्या वेशीवर गोणी मोडण्यापूर्वी घ्यावयाचा कर म्हणजे जुनी जकातच होती. महाराष्ट्रातील एकेका महानगरपालिकेने ती सोडली. मुंबईची जकात सर्वांत शेवटी, वस्तू व सेवा कराबरोबर १ जुलै २०१७ रोजी संपली. ‘जकात नाका’ हे बसथांब्यांचे नाव अनेक शहरांत राहिले आहे, जसे त्यापूर्वी मांडवीचे राहिले.

कुडाळ व बारदेश ह्यांच्यामधील रेषेचा शेवट ह्याहून आधी झाला. १८९२ साली परत बसलेल्या चौक्या सत्तर वर्षे टिकल्या. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर त्या पुसल्या गेल्या, आणि तेरेखोलच्या अलीकडच्या व पलीकडच्या मिठामध्ये परमुलूख उरला नाही. त्याच वाटेवर बांद्याच्या बाजूस आजही वाहने थांबवली जातात. तपासणी मिठाची नसते, मद्याची असते. गोव्यात ते स्वस्त आहे, महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्कामुळे महाग आहे, आणि दोन भावांमधील फरक नाक्यावर राखला जातो.